खाडीची पाऊणकी

चैत्र लागला की आमच्या इमारतीत एकदम गुपचिळी बसते. टीव्ही बंद, पोरांचा जिन्यातला धुडगूस बंद. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आया एकमेकींना विचारतात, "तुमचं गणित झालं का हो?" जसा काही पेपर यांनाच लिहायचाय! माझी नात कानात बोटं घालून पाठांतर करते. मी पाण्याचा पेला घेऊन गेले, तर डोळे न उघडताच हातानं मला बाहेर घालवते. मी मुकाट्यानं पेला ठेवते आणि गॅलरीत येऊन उभी राहते.

खाडीकडून वारा येतो. आता मध्ये एवढ्या इमारती उभ्या आहेत, त्यामुळे रोज येत नाही. पण परीक्षेच्या दिवसांत एखादी दुपार अशी निघते, की तो वास थेट तिसऱ्या मजल्यावर येतो. ओहोटीच्या चिखलाचा, शेवाळाचा, तापलेल्या मिठाचा. माझं वय आता काय विचारता! पण हा वास आला की मी चौथीत असते आणि माझी चौथीची परीक्षा आठ दिवसांवर आलेली असते.

तेव्हाची चौथी म्हणजे काही थट्टा नव्हती. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. पनवेलच्या खाडीपलीकडे आमची वाडी, पंधरावीस घरांची, सगळी मिठागरात राबणारी. वाडीत एक शाळा, एक खोली आणि एकच मास्तर. चौथीची परीक्षा मात्र पनवेलच्या मोठ्या शाळेत, परक्या मास्तरांसमोर, लेखी आणि तोंडी. त्या वर्षी आमच्या वाडीतून परीक्षेला बसणारी मी एकटी. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगून टाकलं होतं, "पास झाली तर पळस्प्याला मावशीकडं धाडू, पुढं शिकंल. नाय झाली तर टोपली घेईल नि आगरात येईल." बा वाईट नव्हता हो. त्याला दोन हात कमी पडत होते आणि माझे दोन हात घरात नुसते पाटी धरून बसलेले त्याला दिसत होते.

आयनं यावर काही वाद घातला नाही. "पास व्हईल," एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

आयचा दिवस मी आज आठवते, तर माझं मलाच खरं वाटत नाही. पहाटे विहिरीवरून चार हंडे. मग तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. माझ्या धाकट्या दोघी बहिणींना शेजारणीच्या पदरात टाकायचं आणि ऊन चढायच्या आत मिठागर गाठायचं. तिथे वाफ्यातलं मीठ लाकडी फळीनं ओढून कडेला आणायचं, टोपल्यांत भरायचं, डोक्यावरून वाहून बांधावर ढीग घालायचा. तिच्या पायांना त्या खाऱ्या पाण्यानं अशा भेगा पडल्या होत्या, की त्यांत माझं करंगळीचं नख सहज जाई. संध्याकाळी मी त्या भेगांत करंजाचं तेल भरायची. ती डोळे मिटून बसायची, पण तेव्हाही हातानं तांदूळ निवडणं चालूच. रिकामा हात म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि फिरायला जाणं? छे! नुसतं फिरायला जाणारी बाई आमच्या वाडीत कुणी पाहिली नव्हती. पण आयला माझी सोबत लागायची. कुठेही निघाली की हाक, "येतंस का गो बाय?" मी पाटी टाकून धावायची. आजकाल आईमुलींच्या सहली निघतात म्हणे, हॉटेलात राहून. आमच्या सहली म्हणजे कधी पनवेलच्या बाजारात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकायला, कधी सरपणाला, कधी पळस्प्याला मावशीकडे. मला त्याहून मोठी चैन अजून माहीत नाही.

पळस्प्याची ती एक दुपार तर अजून डोळ्यांसमोर आहे. मावशीकडून निघालो आणि आय नाक्यावर थबकली. तिथे रस्ता फुटतो. एक पुण्याकडे जातो, एक महाडाकडे, खाली कोकणात. झाडाखाली आम्ही दोघी उभ्या. मालाचे ट्रक येत होते, धुरळा उडवत वळत होते. आय पदर नाकाला लावून बघत राहिली. मग मला म्हणाली, "त्या पाटीवर काय लिवलंय?"

"पुणे," मी वाचलं.

"आनि खालच्या?"

"महाड."

तिनं दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, ते अगदी वेगळ्याच नजरेनं. "म्हंजे तुला एकटीला सोडलं तरी तू चुकायची नायस!" ती म्हणाली. माझी आय, जी डोक्यावर मणभर मीठ पेलायची, ती माझ्या दोन शब्द वाचण्यावर थक्क झाली होती. मला इतकं लाजल्यासारखं झालं, की घरापर्यंत मी तिच्या मागे मागेच चालले.

कारण खरी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. वाचन मला यायचं. पण अपूर्णांकांचे पाढे! पावकी उतरायची, निमकी उतरायची. पाऊणकी आली की घशात काटा अडकलाच म्हणून समजा. पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, पाऊण चोक तीन. इथवर गाडी बरी. पुढे पावणेचार की साडेतीन, साडेचार की पावणेपाच, काही थांगच लागायचा नाही. मास्तर अंगठे धरून उभं करायचे. ते पाऊण, सव्वा, पावणे म्हणजे मला नुसतं भुताटकीचं रान वाटायचं. आणि तोंडी परीक्षेत पाऊणकी हमखास विचारतात, असं मास्तरांनी दहादा बजावलेलं.

परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात एक दिवस आगराला सुट्टी होती. आयनं आकडी घेतली, टोपली घेतली आणि आम्ही ओहोटीच्या चिखलात उतरलो. चिंबोरीच्या बिळात आकडी घालायची, ती चिडून आकडी धरते, की अलगद ओढायची. आय बीळ बघून सांगायची, आत नर आहे की मादी, आहे की निघून गेली. मी गुडघाभर चिखलात टोपली धरून उभी. बांधावरून एक शेजारीण ओरडली, "अगो, आज पानी कवा भरंल?"

आयनं मान वर केली नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत पुटपुटली, "पडव्याला पाऊण, बिजेला दीड, तिजेला सव्वादोन, चवथीला तीन..." आणि ओरडून म्हणाली, "तीनाला गो! आज चवथ हाय."

मी होते तिथेच. पाय चिखलात रुतत चालले तरी मला कळेना.

"आये, पुढं बोल."

"काय बोलू?"

"पुढं! पंचमीला?"

"पंचमीला पावणेचार, सटीला साडेचार, सातीला सव्वापाच, आठीला सहा." तिचा हात बिळातच होता. "पाय काढ गो, रुतशील."

"आये, ही तर पाऊणकी!"

"ती कोन?"

मला हसू आवरेना. मी तिला सांगितलं, की हा पाढा आहे, शाळेत असतो, मास्तर यावरून मारतात. तिनं आकडी बाहेर काढली आणि माझ्याकडे वळली. तिला हे तिच्या बापानं शिकवलं होतं. तो मिठाच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीवर, तांडेल, मुख्य खलाशी होता, मुंबईला खेपा करायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, एवढं त्यानं लेकीच्या बोटांवर मोजून दिलं होतं. घरात घड्याळ नव्हतं. तास ती सावलीवरून ओळखायची.

"शाळंत भरतीचं शिकवतात?" तिनं विचारलं.

"नाय. नुसते आकडे."

"नुसते कसे? पाऊण कशाचं तरी असंल ना?"

कशाचं? मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. आय चिखलात उकिडवी बसली आणि तिनं मला सांगितलं, की चांद रोज पाऊण तास उशिरा उगवतो. पाणी त्याच्या मागे जातं, म्हणून तेही रोज पाऊण तास उशिरा. अवसेला नि पुनवेला बारा वाजता भरतं, दिवसाही नि रात्रीही, तिथून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. अवस-पुनवेला उधाण, पाणी बांधाला धडका देतं. सातम-आठमीला भांग, तेव्हा पाणी चढतंही कमी आणि त्याला ओढही नसते. हे सगळं ती अगदी सहज सांगत होती, मिठाचा भाव सांगावा तसं. आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. ज्या पाढ्यापायी मी अंगठे धरून उभी राहिले, तो पाढा हा एवढा समुद्र रोज बिनचूक म्हणत होता! वर चंद्र, खाली ही खाडी, आणि मध्ये चिखलानं माखलेली, सही न येणारी माझी आय, बोटांच्या पेरांवर दोघांचा हिशेब धरून बसलेली. मी पुढे आयुष्यात देवळं पाहिली, डोंगर पाहिले, रेडिओवर माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी ऐकली. पण छाती दडपून जाणं म्हणतात ते त्या दिवशी झालं. तसं पुन्हा नाही.

त्या दिवसापासून माझी पाऊणकी पळायला लागली. मी रोज तिथी विचारायची, रोज भरतीची वेळ काढायची आणि बांधावर जाऊन पाणी बघायची. पाणी माझ्या शब्दाला जागायचं. ज्या दिवशी पहिल्यांदा जागलं त्या दिवशी मी बांधावर अक्षरशः नाचले. मला वाटायला लागलं की खाडी माझ्या सांगण्यावरून चढते नि उतरते. दहा वर्षांची पोर, डोक्यात हवा जायला काय लागतं?

परीक्षेचा आदला दिवस. आता मुद्दा असा, की पनवेलला जायचं तर दोन वाटा. एक बांधावरून मोठा वळसा घालून, तीन तासांची. दुसरी खाडीतून. होडी आमच्यात कुणाकडेच नव्हती, आम्ही मिठातली माणसं, जाळ्यातली नव्हे. भरती होऊन चार तास गेले की एका ठिकाणी पाणी मांडीखाली येई, तिथून चालत पार व्हायचं. तिथून शाळा तासाभराच्या वाटेवर. परीक्षा दहाला. उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाहीत, हे मास्तरांनी निक्षून सांगितलं होतं.

बानं जेवता जेवता विचारलं, "उद्या खाडी कवा उतरंल?"

आय बोलायला तोंड उघडते तोच मी उठून उभी. "मी सांगते! मी सांगते! उद्या सप्तमी. सातीला सव्वाचार. पहाटं सव्वाचारला भरती, चार तास धर, सव्वाआठला पार. सव्वानऊला शाळंत!" माझा आवाज असा लागला होता, की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

बानं आयकडे पाहिलं. आयचा हात परातीतल्या भाकरीवर क्षणभर थांबला. मग पुन्हा थापायला लागली.

"लेक बोलते तशी निघू," ती म्हणाली.

"बग हां."

"सांगितलं ना."

सकाळी सव्वाआठला आम्ही काठावर उभ्या होतो आणि समोर पाणी होतं. चांगलं भरलेलं, तपकिरी, या काठापासून त्या काठापर्यंत. उतरायला लागलं होतं, काठावर ओली रेघ दिसत होती, पण मांडीखाली यायला अजून तास तरी हवा होता. तो तास आमच्याकडे नव्हता. आता टोपली, आता आगर, एवढंच डोक्यात.

"आये, पानी!"

"आज पानी आळसावलंय," आय म्हणाली. "तुजं बरोबर हाय. त्याचंच चुकलं."

तिनं माझं दप्तर माझ्याच डोक्याला बांधलं. लुगड्याचा काष्टा आवळला. मग खाली बसली आणि म्हणाली, "चड."

मी तिच्या खांद्यांवर बसले, दोन्ही पाय तिच्या छातीवर. ती उठली आणि पाण्यात शिरली. तळाशी कालवांच्या शिंपल्यांनी भरलेल्या दगडांची एक कडक वाट आहे, ती तिच्या तळव्यांना पाठ होती. एक पाऊल चाचपायची, ठेवायची, मग दुसरं. पाणी तिच्या कमरेला आलं, छातीला आलं, माझे पाय भिजले. मी तिचे केस घट्ट धरले.

"पाडे बोल," खालून आवाज आला.

मी पावकी म्हटली. निमकी म्हटली. "पाऊण एके पाऊण..." सुरू केलं, तर ती लगेच म्हणाली, "ती नको. ती येते तुला. दिडकी बोल."

मी दिडकी म्हटली. पाणी तिच्या गळ्याशी होतं. तिचा श्वास मला माझ्या मांड्यांत कळत होता. तिची हनुवटी वर, डोळे पलीकडच्या काठावर, आणि पाणी अगदी संथ. खारफुटीत एक बगळा उभा होता, तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता. मला भीती वाटायची बंद झाली, ती नेमकी कुठे ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की पाण्याच्या मधोमध, त्या दोन खांद्यांवर, मला जगातल्या सगळ्यात उंच ठिकाणी बसल्यासारखं वाटलं होतं. दिडकी संपायच्या आत तिची पावलं चढणीला लागली.

शाळेत आम्ही वेळेवर पोचलो. लेखी झालं. मग तोंडीला चष्मा लावलेले परके मास्तर, समोर टेबल, त्यावर हजेरीचा कागद. खिडकीतून आय दिसत होती. आवारातल्या चिंचेखाली उन्हाच्या कडेला उभी, लुगडं अंगावरच वाळलेलं आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या.

मास्तरांनी एकदोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "पाऊणकी म्हण. सातापासून."

"सातीला सव्वापाच," मी म्हटलं.

"काय?"

"पाऊण सत्ते सव्वापाच, पाऊण आठे सहा, पाऊण नव्वे पावणेसात..." जीभ आपोआप चालली होती आणि मी मनानं मागे सातापाशीच थांबले होते. सव्वापाच! काल रात्री मी सव्वाचार म्हटलं होतं. पाणी आळसावलं नव्हतं. समुद्र बरोबर होता, मी चुकले होते, एका तासानं. मी खिडकीतून आयकडे पाहिलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

"पुढे?" मास्तर म्हणाले. मी पुढे म्हटलं, अगदी शेवटपर्यंत. "बस, छान," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी पास झाले. पळस्प्याला गेले, पुढे शिकले, मास्तरीण झाले, बत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. निकालाचा दिवस मला तसा काही आठवत नाही. बानं पेढे आणले असतील नसतील. मला आठवते ती त्या दुपारची परतीची वाट. खाडी उतरली होती. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. आय पुढे, मी मागे.

"आये," मी म्हटलं. "सातीला सव्वापाच."

"हां."

"काल मी सव्वाचार बोलले."

"हां."

"तुला ठाव व्हतं?"

ती हसली. "सटीला साडेचार आनि सातीला सव्वाचार? पानी काय मागं फिरतंय?"

"मंग बोलली का नायस? पहाटं उठून बांधावरून गेलो असतो!"

"आनि तुला काय सांगितलं असतं? बांधावरून का जातो ते?" ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "काल तू पयल्यांदा ताठ उभी राहून बोललीस. चुकलीस म्हनाले असते, तर आज त्या मानसासमोर तोंड उघडलं असतंस?"

मला रडूच फुटलं. राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्या गळ्यापर्यंतच्या पाण्याची भीती आत्ता कुठे अंगात उतरत होती. "आनि बुडालो असतो तर?" मी तिच्यावर ओरडले.

"भांगाचं पानी, त्याला ओढ नसते," ती म्हणाली. "आनि बुडाले असते तर मी बुडाले असते. तू वर व्हतीस."